बेलभंडारा आणि अर्धी राहिलेली गोष्ट

फार मागली गोष्ट आहे, बाळांनो. थोरांनीही ऐकावी, घाई नसली तर.

डोंगरापल्याड एक गाव होतं. तिथं पोरं वयात आली की मुलाच्या हाती काठी द्यायचे, मुलीच्या हातात बांगड्या भरायचे. याहून वेगळं कुणी कधी मागितलं नव्हतं.

गावच्या पंतोजींनी त्या वयाच्या पोरांपुढं एक पोथी उघडली. पोथीत एक राजपुत्र होता. तो म्हणायचा, "तलवार मला पेलते, पण मी राजपुत्र नाही. मी राजकन्या आहे." पोरं हसली नाहीत. कान देऊन ऐकत राहिली.

गावाला कळलं. मग एकच कालवा उठला.

"अहो पंतोजी, कोवळ्या पोरांना हे शिकवता? उद्या माझा बैल म्हणेल, मी गाय!"

"आधी ऐकून तरी बघा."

"विस्तव काय हातात धरून बघायचा असतो?"

पोथी अर्धीच वाचून झालेली. पाटलानं ती नदीत सोडली. पाटील वाईट नव्हता बरं, भ्यालेला होता. त्यानं पोरांना देवळात बोलावलं. बेलभंडारा उचलून प्रत्येकानं म्हणायचं, "ती गोष्ट मी विसरलो." देवाची शपथ ती, खोटी घेतली तर कुळ बुडतं म्हणायचे.

एकेक पोर म्हणून मोकळं झालं. शेवटी राहिलं पाटलाचं थोरलं लेकरू. त्याचा हात पुढं होईना.

"उचल की रे!"

"आबा, देवापुढं खोटं कसं बोलू? मला तर पुढचंही ठाऊक आहे. राजपुत्र गाठोडं बांधतो. दोन भाकरी आणि मेलेल्या आईच्या बांगड्या. पहाटे घर सोडतो."

पंतोजी दचकले. "अरे, तिथवर मी वाचलंच नव्हतं. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गाठोडं गोठ्यात आहे. वैरणीखाली."

पाटलाच्या हातचा भंडारा भुईवर सांडला. तो म्हणाला, "मग... राजानं अडवलं का त्याला?"

"ते राजावर आहे, आबा."

पाटील गोठ्यात गेला. गाठोडं सोडलं. एक भाकरी लेकराला दिली, एक आपण घेतली. मेलेल्या कारभारणीच्या बांगड्या लेकराच्या ओंजळीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत मागं पाटील बसला होता. पोथी नव्हती, पंतोजी आठवेल तशी सांगत होते.

म्हणून सांगतो, पोथी नदीत बुडते, लेकराच्या मनातली गोष्ट बुडत नाही. ती घरात ऐकून घेतली, तर लेकरू घरात राहतं.