क्षारेची पाठवणी

कृतयुगातली ही कथा मी लहानपणी आजोळच्या पुराणिकांकडून ऐकली. आता स्मरणाचा भरवसा वाटत नाही. ऋषींचे नाव और्मेय होते की और्णेय, हीच शंका मनातून जात नाही. त्यांच्या पत्नीचे नाव मात्र नक्की शुचिस्मिता.

और्मेयांनी घोर तपाने वरुणाला प्रसन्न केले आणि वर मागितला, तेव्हा मंदस्रवा नदी पाटाने बारमाही त्यांच्या साळीच्या शेतात येऊ लागली. त्या साळीवरच आश्रमाचा नैवेद्य आणि शिष्यांचे अन्न होते.

शुचिस्मितेने विचारले, "नाथ, ही आली खरी. जाईल कुठून?"

"घरी आलेल्या देवतेला कोणी जाण्याची वाट दाखवते का?" ऋषी दुखावले. अतिथिधर्म म्हणून त्यांनी शेताच्या उताराकडचे सारे बांध स्वतःच्या हातांनी लिंपून टाकले.

पाणी मुरत राहिले. काही वर्षांनी माती पांढरी दिसू लागली. "चंद्र प्रसन्न झाला!" ऋषी म्हणाले.

"मग आपली कपिला ते चांदणे चाटते कशी? गाईला मीठ कळते, तपोनिधी."

साळ करपली. संतप्त ऋषींनी शापासाठी ओंजळीत पाणी घेतले, तोच त्या शुभ्र मातीतून एक कन्या हात जोडून उभी राहिली.

"तात, मी समुद्राची लेक क्षारा. पिता मागे हटला तेव्हा भूमीच्या कुशीत झोपून राहिले. तुमच्या पाण्याने मला जागे केले, वर आणले. पाण्याला सूर्य घेऊन गेला, मला नेईना. नदी माझ्या पित्याकडेच निघाली आहे. तिच्यासोबत मला माहेरी पाठवा."

"पोर माहेरी जायचे म्हणते, आणि तुम्ही शाप काय देता?" शुचिस्मिता म्हणाली. "ते पाणी सोडा, कुदळ घ्या."

ऋषींनी बांध फोडला, नदीपर्यंत खोल चर खणला. क्षारा वाकून म्हणाली, "जाते, माते."

शुचिस्मितेचे डोळे भरले. "जाते म्हणू नये, बाळ. येते म्हण."

"येते," क्षारा हसून म्हणाली.

ऋषींनी कपाळावर हात मारला. "देवी, हे काय केलेस!"

"लेक आहे. येईल तेव्हा पुन्हा पोचवू. चर बुजू देऊ नका म्हणजे झाले."

म्हणून आजही पाण्यामागून क्षारा शेतात येते, आणि दर वेळी तिची पाठवणी करावी लागते.

पुष्कळ वर्षांनी अशाच एका ओलिताच्या शेतात मी दोन्हीकडचे पाणी बोटाने जिभेवर ठेवून पाहिले. पाटाचे गोड होते, चराच्या तोंडाचे खारट.