सातवी नळी

“सातवी नळी कुठाय?”

मुल्लासरांनी विचारलं तेव्हा डॉक्टर टिपणीस पडद्यापुढं उभे होते. पडद्यावर काळा फोटो. त्यात सहा पांढऱ्या पट्ट्या, एका ओळीत, ठसठशीत.

“कुठली सातवी, सर?”

“काल यंत्रात सात नळ्या गेल्या. गोजराबाईंनी मोजून लावल्या. फोटोत सहाच दिसतात.”

“ती होय… त्यात काही नव्हतं, सर. नुसतं पाणी.”

“तिचंच विचारतोय.”

हॉलमध्ये चोवीस माणसं.

गोजराबाई म्हणजे मी. चौथी शिकले. मिरजेच्या माळावरच्या त्या संस्थेत सव्वीस वर्षं काचा धुतल्या, पाणी उकळलं, नळ्या लावल्या. शास्त्र मला हाताला चिकटलं तेवढंच येतं. पण त्या दिवशी मी तिथं होते, आणि जे बघितलं तेच सांगते.

दर जानेवारीत आमच्याकडं बारा दिवसांचा वर्ग भरायचा. दारावर फलक लागायचा, ‘संशोधकांसाठी प्रगत प्रशिक्षण’. गोव्याहून, परभणीहून, पार आसामातून माणसं यायची. सगळी शिकलेली, नावापुढं डॉक्टर. तरी यायची. पुस्तकात होतं ते त्यांना येत होतं. हातात यायचं राहिलं होतं, ते शिकायला यायची. जंतूच्या, जनावराच्या, माणसाच्या पेशीतला जो धागा असतो, तो नळीत पकडायचा, यंत्रात घालून एकाचा कोटी करायचा आणि मग पट्टी होऊन दिसतो का ते बघायचं. कोरोनात घरोघरी ठाऊक झालं ना पीसीआर, तेच.

वर्ग मुल्लासर घ्यायचे. सर मिरजेचेच. वडील तंबोरे करायचे. कच्चा भोपळा बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचे म्हणे. सर तशीच नळी नखानं टिचकवायचे. टिक्. मग उजेडात धरायचे.

आणि पहिला दिवस पाण्याचा.

पहिल्या दिवशी सर काही शिकवायचे नाहीत. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या प्रत्येकापुढं ठेवायचे आणि म्हणायचे, यात पाणी भरा. जंतू नाही, धागा नाही, निव्वळ पाणी. मग त्या पाण्यात मसाला, म्हणजे धागा वाढवायची रसायनं, घालून ते यंत्रात. संध्याकाळी बघायचं. पट्टी दिसली नाही तर पास. पट्टी दिसली तर दुसऱ्या दिवशी परत पाणी.

“यंत्र एकाचं कोटी करतं,” सर सांगायचे, “चुकीचंही कोटीच करतं. त्याला कळत नाही.”

माणसं हसायची. एवढ्या लांबून आलो ते पाणी भरायला? आणि संध्याकाळी अर्ध्यांच्या पाण्यात पट्टी निघायची! कुणाच्या हातमोज्याचं, कुणाच्या बाहीचं, कुणी नळीवर वाकून बोललेलं. मग हसू बंद.

आता त्या हॉलला कुलूप आहे. वर्ग पडद्यावर होतात म्हणे, घरी बसून. पाणी कोण भरतं, देव जाणे. जानेवारी लागला की मला अजून जेलचा वास येतो. आगर उकळून आम्ही खरवसासारखी वडी थापायचो, तिच्यात पट्ट्या उमटायच्या. वासबीस तिला फारसा नव्हताच खरं. तरी येतो.

तर टिपणीस.

ते आले दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस मुद्दाम चुकवला.

“पाणी भरायला मी काय बालवाडीत आहे?” दारातच म्हणाले. हातात मखमली अस्तराची पेटी. आत त्यांची स्वतःची पिपेट, म्हणजे थेंब मोजून ओढायची पिचकारी. परदेशातून आणलेली. दोन वर्षं तीच वापरत होते, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आमच्या यंत्रांकडं बघून वर म्हणाले, “सर, राग मानू नका, पण हे सगळं आमच्या लॅबपुढं पाणी भरेल.”

सर हसले. “भरेल की. त्याला तेवढंच येतं.”

सर त्यांना अहो-जाहो करत होते. सरांची एक खोड होती. ज्याला आपला मानलं त्याला अरे-तुरे. बाकी सगळं जग अहो. चोवीसांतले तेवीस पहिल्या संध्याकाळीच अरे-तुरेत आले होते. गोव्याची फिलोमेना तर दुपारीच. टिपणीस अहोच राहिले.

त्यांना शिकायचं नव्हतं. सही हवी होती.

आटपाडीच्या अलीकडं शेरेवस्ती म्हणून धनगरांची वस्ती आहे. तिथल्या शेळ्यांच्या दुधात एका तापाचा जंतू आहे, जो माणसालाही धरतो, असं टिपणिसांनी शोधून काढलं होतं. एका शेळीत नाही, दोन शेळ्यांत नाही. सगळ्या! दोन वर्षांचं काम. अहवाल शुक्रवारी वर सरकारकडं जायचा होता. त्यावर मुल्लासरांची सही असली की प्रश्न नको. मग शेळ्या धरून नेणार, मारून पुरणार, आणि टिपणिसांचं नाव मोठ्या मासिकात येणार.

म्हणून त्यांनी सहा शेळ्यांच्या दुधाचे नमुने आणले होते. वर्गासमोर करून दाखवले. सहाच्या सहा पट्ट्या. टाळ्याही पडल्या.

आणि सर विचारत होते, सातवी कुठाय.

“पूर्ण फोटो लावा,” सर म्हणाले.

टिपणिसांनी लावला. त्यांनी कडेचा भाग कापला होता, तो परत आला. सातव्या जागी पडताळ्याचं नुसतं पाणी. आणि पाण्यात पट्टी. फिकट. पण पट्टी.

“फिकट आहे, सर.”

“हो.”

“दुर्लक्ष करण्यासारखी. सगळ्या लॅबमध्ये होतं कधीतरी.”

“होतं.”

“मग?”

सरांनी पडद्यावरच्या सातव्या पट्टीवर बोट ठेवलं.

टिपणीस तापले. “पाणीच खराब असेल! पाणी कुणी दिलं होतं?” आणि बोट माझ्याकडं. “यांनी उकळलं ना? यांना काय कळतंय त्यातलं?”

मला राहवलं नाही. “साहेब, माझं काय काढायचं ते काढा. माझं पाणी काढू नका. सव्वीस वर्षं झाली, माझ्या बाटलीत कुणाला पट्टी सापडलेली नाही. तुमच्या आधी लई डॉक्टर येऊन गेले.”

फिलोमेना खाली मान घालून हसली. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही, टिपणिसांकडंही नाही. टेबलावरच्या दोन रिकाम्या नळ्या उचलल्या. टिक्. टिक्. उजेडात धरल्या.

“बाई, तुमची बाटली आणा.”

आणली.

“टिपणीस, या एका नळीत तुम्ही पाणी घाला. तुमच्या पिपेटनं. बाई, दुसरीत तुम्ही. वर्गातली पिपेट घ्या.”

वर्गातली पिपेट म्हणजे मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. मला तिची सवय होती. बाटली एक, पाणी एक. त्यांनी भरलं, मी भरलं. मसाला फिलोमेनानं घातला, दोन्हींत सारखा. नळ्यांवर खुणा केल्या. यंत्राचं झाकण लागलं.

सकाळचे साडेदहा झाले होते. दोन तास यंत्राला, मग वडीत पट्टी सरकायला पाऊण तास. थांबण्याशिवाय काम नाही.

चहा झाला. बाकीचे उन्हात जाऊन बसले. टिपणीस काचाघरात आले. काचाघर म्हणजे माझी धुण्याची खोली.

“राग आला का बाई?”

“आला.”

“माझं दोन वर्षांचं काम आहे हो.”

“असू दे की. कोण नाही म्हणतंय?”

उभेच राहिले. मी काचा विसळत होते.

“तुमचं गाव कुठलं?”

“माहेर शेरेवस्तीपास्नं दोन कोसांवर.”

हळूच म्हणाले, “तुमच्याकडं शेळ्या होत्या?”

“आईनं माझ्या धाकट्या भावाला शेळीच्या दुधावर वाढवला. आईला दूध नव्हतं. त्या शेळीचं नाव चांदी. म्हातारी झाली तरी कुणी विकली नाही, कापली नाही. दारात मेली.”

“पण बाई, जंतू असला तर शेळी ठेवून चालत नाही. माणसं आजारी पडतात.”

“असला तर मीच धरून देईन. माझ्या हातानं. पण असला तर. तुम्ही तिथं जाऊन शेळ्या बघितल्या का हो?”

“नमुने माणसं आणून देत होती. मी लॅबमध्येच…”

“मग तापानं कोण आजारी पडलं ते तरी विचारलं?”

टिपणीस खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी मुद्दाम नळ जोरात सोडला.

दीड वाजता सगळे परत हॉलमध्ये. वडी उचलून दिव्याच्या पेटीवर ठेवली. पडदे ओढले. अंधार केल्याशिवाय पट्टी दिसत नाही.

सरांनी पेटीचा दिवा लावला.

डावीकडं माझी नळी. काही नाही. काळं.

उजवीकडं टिपणिसांची.

चकाकत होती. सकाळच्या फोटोपेक्षा ठळक. त्याच जागी, त्याच उंचीवर, शेरेवस्तीच्या शेळ्यांची पट्टी. आणि त्या नळीत शेळी नव्हती, दूध नव्हतं. माझ्या बाटलीतलं पाणी होतं आणि त्यांची पिपेट.

कुणी पडदे उघडले नाहीत.

मला कळलं तेवढं सांगते. तो धागा दोन वर्षांत त्यांनी किती वेळा कोटीचा कोटी केला असेल. त्याची वाफ त्या पिचकारीत शिरून बसली होती. मखमलीतल्या. कुणालाही हात लावू न दिलेल्या. ज्या नळीत ती जाईल त्या नळीत पट्टी. दूध घाला, पाणी घाला, सरांचा चहा घाला.

शेळ्यांत जंतू होता का नव्हता, ते त्या घडीला कुणालाच ठाऊक नव्हतं. टिपणिसांनाही नाही. पहिल्यापासून नव्हतं.

“सर…” अंधारातच टिपणिसांचा आवाज आला. “दोन वर्षं.”

“हो.”

“सगळंच चुकलं?”

“ते मला कसं कळेल?”

“पहिल्या दिवशी आलो असतो तर…”

सरांनी दिवा बंद केला. मी पडदे उघडले. ऊन आत आलं. टिपणिसांचा अहवाल सरांच्या टेबलावर पडला होता, शेवटचं पान वर, सहीची जागा कोरी. सरांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण घट्ट केलं आणि परत खिशात ठेवलं.

त्या दुपारी टिपणीस जेवायला आले नाहीत. फिलोमेना म्हणाली, गेला वाटतं बॅग घेऊन. मीही म्हणाले, जाऊ दे. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग संध्याकाळी काचाघर बंद करताना त्यांची मखमली पेटी माझ्या मोरीशेजारी दिसली. उघडी. पिपेटचे सुटे भाग करून पाण्यात बुडवून ठेवलेले. नीट, एकेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीसारखे आठला आले. सरांचा तो शेवटचा वर्ग होता. मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि मग फलक लागला नाही. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या सकाळी हॉल जरा नीट बघून घेतला असता. खिडकीतल्या तांब्यावरचं ऊन, सरांचा पंचा, चिकटपट्टीची पिपेट, सगळंच.

टिपणीस दारात उभे होते. चपला बाहेर काढलेल्या. आमच्याकडं तशी रीत नव्हती, त्यांनीच काढल्या. हात मोकळे.

“अहवाल थांबवलाय, सर. रात्री फोन करून कळवलं.”

सर खुर्चीत बसले.

“शेरेवस्तीला जातो. स्वतः. दूध नव्यानं आणतो, माणसांनाही विचारतो. बाईंनी सांगितलं, तिथं कुणाकडं उतरायचं ते.”

सांगितलं नव्हतं अजून. पण मी मान हलवली.

सर त्यांच्या मोकळ्या हातांकडं बघत होते.

“माझं नाव जाईल, सर. जाऊ दे. पण हात… हात कुठून सुरू करू? सांगा.”

सरांनी टेबलाचा खण ओढला. रिकाम्या नळ्यांचं खोकं काढलं. एक नळी नखानं टिचकवली. टिक्. उजेडात धरली. मग खोकं टिपणिसांच्या पुढं सरकवलं, आणि माझ्या बाटलीकडं बोट केलं.

“पाणी भर.”