आणखी आठ दिवस

हिवरखळ नावाच्या एका गावात एक भोळा गुराखी होता. भोळे गुराखी पुष्कळ गावांत असतात, पण हिवरखळच्या सटवाची गोष्ट वेगळी होती. त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा. आईनं एकदा सांगितलं, मी पाण्याला जाऊन येते, तू दाराकडं लक्ष दे. हा दाराकडं बघत बसला, आणि परसातून शेळीनं येऊन सगळी मेथी खाल्ली. आई परत आल्यावर तो म्हणाला, दार जागेवर आहे.

एका वर्षी गावात प्लेग आला. आधी उंदीर मरून पडले, मग माणसं पडायला लागली. त्या काळची रीत अशी, की रोग आला की सगळ्यांनी गाव सोडायचं, अर्ध्या कोसावरच्या माळावर गवताच्या झोपड्या घालायच्या आणि रोगाला गावात एकटं सोडायचं. कंटाळला की तो आपणहून निघून जातो, असं जुनी माणसं सांगत. हिवरखळच्या लोकांनी तसंच केलं. चुली, जाती, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं उचलून माळावर आणलं.

पहिले आठ दिवस सगळ्यांना मजा वाटली. दीड महिना झाला तेव्हा रोगापेक्षा माळाचाच कंटाळा आला. शेजाऱ्याचं घोरणं आणि आपली उशी यांच्यामध्ये एक गवताचा कुड. सकाळी उठल्यापासून एकच विषय चालायचा, की गाव पहिल्यासारखं कधी होणार. न्हावी छातीठोकपणे सांगायचा, पाडव्याला. पाडवा गेल्यावर तो तितक्याच छातीठोकपणे हनुमान जयंती सांगायला लागला. गुरवाला स्वप्नात दृष्टान्त व्हायचा, आणि दर सोमवारी त्यातली तारीख बदलायची.

सटवाला घाई सगळ्यांत जास्त होती, कारण त्याचं लग्न ठरलं होतं. केरबामामाची चांगुणा त्याला द्यायची होती. चांगुणा शहाणी मुलगी. मैत्रिणींनी तिला विचारलं, अशा माणसाशी लग्न कसं करतेस? तर ती म्हणाली, तो खोटं बोलत नाही, मला तेवढं पुरे. पण केरबामामा अडून बसला होता. माझी पोरगी गवताच्या झोपडीत माप ओलांडणार नाही, घराला उंबरा असतो, असं त्याचं म्हणणं. ज्या दिवशी गाव परत जाईल त्याच दिवशी संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न. मात्र वैशाखातला शेवटचा मुहूर्त टळला, तर तो थांबणार नव्हता. नदीपलीकडचं एक स्थळ त्यानं हेरून ठेवलं होतं. त्या गावाला रोग शिवलाही नव्हता, आणि प्रत्येक घराला उंबरा होता.

तर शेकोजी पाटलांनी सटवाला बोलावलं. तू रोज गुरं घेऊन वेशीपर्यंत जातोस, तर गाव पहिल्यासारखं झालं का ते बघून येत जा, असं सांगितलं.

"पहिल्यासारखं म्हंजे कसं?" सटवानं विचारलं.

पाटलांनी समजावलं. पहाटे जात्यांची घरघर. चुलींचा धूर. पारावर बसलेली चार माणसं. हे दिसलं की येऊन सांग, त्याच दिवशी परत जाऊ.

सटवा गेला. वेशीत उभा राहिला. बघितलं. परत आला. म्हणाला, "घरघर न्हाई. धूर न्हाई. पारावर कुणी न्हाई."

"मग किती दिवस लागतील?"

"आणखी आठ दिवस," सटवा म्हणाला. हा आकडा त्याला कुठून सुचला कोण जाणे. पण न्हाव्यापेक्षा आणि गुरवापेक्षा तो ठाम वाटला, म्हणून लोकांनी मानला.

आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं. त्यानंतरच्या आठ दिवसांनी पुन्हा. अख्खं गाव माळावर बसून आपल्याच चुलींचा धूर गावात दिसायची वाट बघत होतं. हे सटवाच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही. पाटलांच्याही आलं नाही. शेवटी एका सकाळी सटवाची आई फुंकणीनं चूल पेटवता पेटवता बेजार झाली, डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, धूर सगळा इथं माझ्या डोळ्यांत आहे, तो तिथं कुठून दिसणार? गावात जे दिसतं ते आपणच नेलेलं असतं.

पाटील खाकरले आणि म्हणाले, मला हेच म्हणायचं होतं. मग त्यांनी सटवाला नवी खूण सांगितली. धुराचं सोडून दे, उंदीर बघ. ज्या गावात जिते उंदीर हिंडतात तिथला रोग गेला असं समजावं.

सटवा गेला. बघितलं. गावात उंदीर नव्हते. तो खाली बसून विचार करू लागला, आणि त्याला आईचं बोलणं आठवलं. तो माळावर परत आला, धान्याच्या कणग्यांमागं मडकं लावून दिवसभर बसला आणि सात उंदीर धरले. दुसऱ्या दिवशी मडक्याला फडकं बांधून ते गावात नेऊन सोडले. ते हिंडताना नीट बघितले. मग परत आला.

"आज गावात सात उंदीर दिसलं. जितं."

माळावर एकदम उत्साह आला. बायका बोचकी बांधायला लागल्या. केरबामामानं भटजींकडं माणूस पाठवला. एवढ्यात पाटलांनी सहज विचारलं, आधी कुठं दिसले? सटवा म्हणाला, मडक्यात. कुणाच्या? आपल्याच. मी नेले. गावात जे दिसतं ते आपणच नेलेलं असतं.

बायकांनी बोचकी सोडली. माळावरचे धडधाकट उंदीर रोगाच्या गावात सोडलेले, आता त्यांचं काय होतं ते कळेपर्यंत कुणी हलायला तयार होईना. आणखी आठ दिवस गेले. पाटलांनी सटवाला समोर बसवून बजावलं, की इथून पुढं गावातल्या कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बघायचं आणि येऊन सांगायचं.

सटवा गेला. बघितलं. त्या दिवशी तो पळतच परत आला.

"पाटील, गाव लई सुधारलंय. पारावर दोन माणसं बसली हुती. बिडी वढत हुती, म्हंजी धूरबी हुता. मग ती केरबामामाच्या घरात गेली. आतनं भांड्यांचा आवाज आला. आधी हंडा बाहेर आला, मग घंगाळ बाहेर आलं."

केरबामामा उठून उभा राहिला. ते हंडा-घंगाळ त्यानं चांगुणाच्या रुखवतासाठी घरातल्या माळ्यावर जपून ठेवलं होतं.

"आन् तू काय केलंस?" त्यानं विचारलं.

"हात लावला न्हाई," सटवा म्हणाला.

माणसं काठ्या घेऊन धावली. चोर पसार झाले होते. हंडा तेवढा ओढ्यात पडलेला सापडला, एका बाजूनं चेपलेला. केरबामामा तो मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिला. चांगुणाला बापाचं वाईट वाटलं आणि सटवाचंही वाटलं, आणि दोघांतलं कुणाचं जास्त हे तिला ठरवता येईना.

पाटलांनी सटवाला नवा धडा दिला. गावात परका माणूस दिसला की त्याला पळवून लावायचं. कमरेला गोफण आहे ती कशासाठी आहे?

सटवा गेला. तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी तालुक्याचा डॉक्टर तट्टावर बसून आला. गाव तपासून लोकांना परत जायची परवानगी द्यायची, एवढ्याचसाठी तो आला होता. सटवानं त्याला कधी बघितलेलं नव्हतं. सटवाचा नेम चांगला होता. पहिल्या दगडाला डॉक्टरची टोपी उडाली आणि दुसऱ्या दगडाची तट्टानं वाट बघितली नाही.

"एक परका आला हुता," सटवा संध्याकाळी म्हणाला. "घोड्यावर. आता परत यायचा न्हाई."

डॉक्टरनं निरोप धाडला, की हिवरखळच्या लोकांची डोकी ठिकाणावर आली असं कळलं की मग येईन. न्हाव्यानं सटवाकडं बघून विचारलं, आता रे किती? सटवा म्हणाला, आणखी आठ दिवस. या वेळी तो बरोबर होता. पाटील स्वतः तालुक्याला गेले, टोपी भरून दिली, माफी मागितली. परत आल्यावर त्यांनी सटवाला बोलावलं तेव्हा त्यांच्या आवाजात रागही उरला नव्हता. ते म्हणाले, सरकारी माणूस जे बोलेल ते शब्दाला शब्द पाळायचं. त्यात एक अक्षरही इकडंतिकडं होता कामा नये.

वैशाखातला शेवटचा मुहूर्त उरला होता. नदीपलीकडच्या स्थळाकडून माणूस येऊन बसला होता आणि केरबामामा त्याला चहा पाजत होता. चांगुणा बापाला म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत तरी थांबा. मामानं त्या माणसाला चहा दुसऱ्यांदा विचारला नाही.

त्याच सकाळी डॉक्टर आला. दोन शिपाई पुढं ठेवून आला. घरोघर हिंडला, भिंती बघितल्या, कोपरे बघितले. मग माळावर येऊन सांगितलं, गाव स्वच्छ आहे, आजच्या आज परत जा. झोपड्या जाळून टाका. आणि एक गोष्ट नीट ऐका. माळावर एकही माणूस मागं राहता कामा नये. एक जरी राहिला तरी हिवरखळ मोकळं झालं असं मी लिहिणार नाही.

पाटील सटवाकडं वळले. "ऐकलंस? माळावर एकबी माणूस ऱ्हायला न्हाई, हे बघितल्याबिगर तू माळ सोडायचा न्हाईस."

"व्हय," सटवा म्हणाला.

माळावरच घाईघाईनं नवऱ्याला हळद लावली. मुंडावळ्याही बांधल्या, म्हणजे गावात गेल्यावर खोळंबा नको. मग झोपड्या पेटल्या आणि माणसं निघाली. दुपारपर्यंत गाव गजबजून गेलं. घरं झाडली, अंगणं सारवली, जाती जागच्या जागी बसली. पारावर चार माणसं बसली आणि न्हावी त्यांना सांगायला लागला, की मी आजचाच दिवस सांगितला होता. गुरंसुद्धा आपली आपण गोठ्यात आली. सगळे इतके खुशीत होते की नवरा आला की नाही हे कुणी बघितलं नाही. मांडवात सगळे म्हणत, तो घरी असेल. घरी आई समजत होती, तो मांडवात असेल.

सूर्य कलला. भटजींनी नवऱ्याला बोलावलं. मांडवात नव्हता, घरी नव्हता, गोठ्यात नव्हता. नदीपलीकडचा माणूस पागोटं नीट करून बसला. चांगुणाचा चेहरा उतरला. तिनं कुणाला विचारलं नाही. मुंडावळ्या बांधलेल्या, हिरवा चुडा भरलेला, अशीच ती उठली आणि माळाची वाट चालायला लागली. तिच्यामागं सटवाची आई, आईमागं केरबामामा, त्याच्यामागं भटजी, वाजंत्री, पाटील, आणि मग मांडवात कुणी उरेना म्हणून बाकीचं गाव.

माळ जळून काळा पडला होता. मध्ये एका दगडावर सटवा बसला होता. हळद उन्हानं वाळली होती आणि मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या. सकाळपासून तो पाणीही प्यायला नव्हता.

"हितं काय करतोस रं?" पाटलांनी विचारलं.

"एक माणूस ऱ्हायलाय."

सगळ्यांनी मागं-पुढं बघितलं. राखेशिवाय काही दिसेना.

"कोण?"

"मी," सटवा म्हणाला. "त्यो गेला की मी येनार हुतो. सकाळधरनं बसलोय. पण त्यो काय हालत न्हाई."

केरबामामा खाली राखेतच बसला. वाजंत्र्यांपैकी एकजण हसायला लागला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. भटजी सूर्याकडं बघून म्हणाले, गावात पोचेपर्यंत मुहूर्त जाईल. चांगुणा दगडाजवळ जाऊन उभी राहिली आणि बापाकडं वळून म्हणाली, "हितंच लावा. उंबरा मी उद्या वलांडीन." मामानं तिच्याकडं बघितलं, सटवाकडं बघितलं, आणि मान हलवली. पाटलांच्या उपरण्याचा अंतरपाट झाला. जळक्या माळावर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आईला रडू आलं, आणि नदीपलीकडच्या माणसानंही दोन अक्षता टाकल्या.

सगळ्यांचं हसून आणि डोळे पुसून झालं. पाटलांनी सटवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, झालं ते झालं, आता बायकोला घेऊन चल घरी.

पण सटवा जागचा हलेना. तो दगडावर चढून उभा राहिला आणि गुरं मोजतात तशी माणसं मोजायला लागला. विसाविसांनी, बोटांची पेरं धरून. लेकरं मोजली, भटजी मोजले, चांगुणा मोजली, शेवटी स्वतःला मोजलं. मग खाली उतरला. त्याचा चेहरा काळजीनं भरून गेला होता.

"पाटील," तो म्हणाला, "सकाळी एकच हुता तर जमलं न्हाई. आता सतरा विसा आन् बारा झाल्यात. आठ दिवसात काय हे हुत न्हाई."