मैना आणि पिस्तूल

जग दुसऱ्यांदा महायुद्धात उतरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. ब्रह्मदेशाच्या जंगलातून दोस्त राष्ट्रांची एक तुकडी माघार घेत होती. जमादार धोंडजी शेलारांच्या कमरेला सरकारनं दिलेलं पिस्तूल होतं. त्यांचं सामान मैना वाहायची. ती खेचर होती आणि भारी बडबडी. चढावर सगळे दमून गप्प झाले तरी ती पिस्तुलाशी बोलत राहायची. पिस्तुलाला तिचा लळा लागला होता.

सातव्या दिवशी नदी आडवी आली. होड्या माणसांपुरत्याच होत्या. हुकूम आला की जनावरं शत्रूच्या हाती लागता कामा नयेत, त्यांना गोळ्या घाला.

धोंडजींनी मैनेपुढं मूठभर चणे धरले आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल काढलं.

"जमादारसाहेब, तिला सोडून द्या. जंगलात जगेल ती," पिस्तूल म्हणालं.

"हुकूम आहे बाबा. मला तरी कुठं हवंय हे?"

"मग मला नदीत फेकून द्या."

"तुला फेकलं तर शेजारच्याचं मागून घ्यावं लागेल," धोंडजी म्हणाले.

मैनेनं चणे संपवले आणि त्यांचा तळहात चाटला. "अजून आहेत का?" तिनं विचारलं.

धोंडजींनी डोळे मिटून चाप ओढला.

नदीपलीकडच्या छावणीत त्यांना दुसरं खेचर मिळालं. ते कोवळं होतं आणि तोफांच्या आवाजानं थरथरत होतं. धोंडजींच्या कमरेकडं नजर जाताच ते जरा सावरलं.

"तू सोबत आहेस ना," ते पिस्तुलाला म्हणालं, "मग मला भीती नाही."