माळ्यावरचं मांजर

एका गावात एक असा घरधनी होता, की दारावर थाप पडली रे पडली की तो घरात नसायचा.

म्हणजे असायचा घरातच; पण माळ्यावर. त्या गावात बंधाऱ्याच्या डागडुजीला घरटी एक माणूस द्यायची रीत होती. बंधाऱ्याचे पाणी याच्या शेताला सगळ्यात आधी मिळे, आणि कामाच्या दिवशी हाच सगळ्यात आधी माळ्यावर चढे.

दारात उभे राहायचे काम त्याने आपल्या लहानग्या मुलीला दिले होते.

“बयो, कुणी आलं तर काय सांगायचं?”

“बाबा परगावी गेलेत.”

“शाबास!” आणि तळहातावर गुळाचा खडा.

एकदा शेजारचा लोहार कामाला बोलवायला आला असताना माळ्यावरून शिंक ऐकू आली. लोहाराने वर पाहिले. मुलगी जराही गडबडली नाही. “मांजर शिंकलं, काका,” ती म्हणाली.

त्या दिवशी गुळाचा खडा चांगला मोठा मिळाला. बापाने बायकोला कौतुकाने ऐकवले, “पोरीचं डोकं माझ्यावर गेलंय!”

“गेलंय खरं,” म्हणून बायको चूल फुंकत बसली. तिनेही फुंकण्यापलीकडे काही केले नाही.

पुढे एका सकाळी बायको नदीवर धुणे घेऊन गेली होती. घरधनी परसातल्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या खोल खड्ड्यात, ज्वारीला ओल लागली का ते बघायला उतरला. शिडीची पायरी मोडली आणि तो तळाशी आदळला. पाय मोडला. तो बोंबलू लागला, पण खड्ड्यातून शब्द काही वर येईनात. नुसता घुमणारा आवाज येई.

तो ऐकून लोहार हातातला हातोडा टाकून धावत आला. मुलगी अंगणात खेळत होती.

“बयो, बाबा कुठायत तुझे?”

मुलीला वाटले, बाबांनी आज लपायला नवी जागा शोधलेली दिसते. ती म्हणाली, “बाबा परगावी गेलेत.”

“मग परसात ओरडतंय कोण?”

“मांजर आहे, काका.”

लोहाराचे टाळके सरकले. बंधाऱ्याचे काम दोन दिवसांवर आले होते. “आधी शिंकत होतं, आता वेडावून दाखवायला लागलं काय? धावत आलो तो मीच गाढव! पडू दे त्या मांजराला तिथेच!” असे म्हणून तो तरातरा निघून गेला.

ते मांजर बायको परत येईपर्यंत तिथेच पडून राहिले. हाडवैद्य म्हणाला, “लगेच हात लावता आला असता तर पाय सरळ बसला असता. आता जन्मभर काठी.”

घरधन्याला काय घडले ते कळल्यावर त्याने सारी आळी डोक्यावर घेतली. लोक जमले.

“कार्टीला खोटं बोलायला शिकवलं कुणी? त्या पंतोजींच्या शाळेत घातली, तिथेच बिघडली!”

पंतोजी गर्दीतच होते. ते म्हणाले, “माझ्याकडे तिला अजून उजळणी येत नाही. इतकं पक्कं पाठ करून घेणारा गुरू मी नव्हे.”

“मग हिच्या आईच्या माहेरचं रक्त!”

“वा!” बायको कडाडली. “डोकं तुमचं आणि जीभ तेवढी माझ्या माहेरची?”

त्यावर घरधन्याने नवी कोरी काठी मुलीवर उगारली. लोहाराने ती वरच्या वर अडवली. “खबरदार! माझ्या तोंडावर खोटं बोलली ती. पण तिच्या तोंडात ते घातलं कुणी, हे मला ठाऊक आहे.”

मुलीला या आरडाओरड्याचा अर्थच लागेना. तिचे तर काहीच चुकले नव्हते. ती नेहमीसारखी पुढे आली आणि तिने तळहात पसरला.

“बाबा, परगावचंही सांगितलं आणि मांजराचंही. गूळ?”

काठी घरधन्याच्या हातून गळून पडली. ती उचलून द्यायला कुणी वाकले नाही.

तात्पर्य: मूल बिघडत नसते, घर जे शिकवते ते बिनचूक शिकत असते. म्हणून त्याच्यावर काठी उगारण्याआधी मोठ्यांनी आपल्या हाताला गुळाचा वास येतो का, तेवढे हुंगून पाहावे.