सातभाई खेटून का बसतात

फार मागे सातभाई पक्षी फांदीवर लांब लांब बसत. शिक्रा दिसला की टोकाचा पहारेकरी ओरडे आणि सगळे झुडपात शिरत. त्यांच्यातल्या बहिऱ्या भुऱ्याचा जीव मात्र सतत टांगणीला.

"याला ढोलीतच ठेवू," थोरला म्हणाला.

"हाक कळत नाही, धक्का तर कळतो ना?" म्हणत बहीण भुऱ्याला खेटून बसली. मग बाकीचेही खेटले. थोरला तेवढा लांबच राहिला.

एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात पहारेकऱ्याचं ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यानं शेजाऱ्याला ढोसलं. धक्का फांदीभर पोचला. भुऱ्यानं उडता उडता थोरल्यालाही ढकललं.

झुडपात पोचल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काही बोलायला थोरल्यानं चोच उघडली, मिटली आणि भुऱ्याला हलकेच धक्का दिला.

भुऱ्यानं सरकून जागा केली.