मठातलं वायफाय

"म्हणजे हो, की नाही?" सुश्रुतने तिसऱ्यांदा विचारलं.

लिंबाजीबुवा शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

प्रश्न तसा सरळ होता. बुवांचा परमेश्वराशी संबंध जुळला आहे का? असेल तर सुश्रुत पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्यांचा शिष्य होणार होता. नसेल तर दुपारच्या एसटीने घरी. एवढ्या एका उत्तरासाठी गडी अकरा दिवस या डोंगरावरच्या मठात पाणी भरत होता, आणि आता त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"ते राहू दे," बुवा म्हणाले. "तुझं यंत्र चाललं का?"

सुश्रुतची कळी लगेच खुलली. मठात मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून त्याने स्वतःच्या लॅपटॉपलाच वायफाय सोडायला लावलं होतं. इंटरनेटचा पत्ता नाही, पण अंगणात बसून कुणालाही लॅपटॉपमध्ये भरून ठेवलेली बुवांची जुनी प्रवचनं आपल्या फोनवर ऐकता यावीत, अशी सोय.

"चाललं म्हणजे काय, पळतंय!"

"काल तर कुणाचाच फोन टिकत नव्हता."

"फोन मोठा संशयी असतो, बुवा. जोडला गेला की आधी विचारतो, 'पलीकडच्या जगाशी तुझा संबंध आहे का?' उत्तर आलं नाही, की 'इथे इंटरनेट नाही' म्हणतो आणि निघून जातो."

"प्रवचन न ऐकताच?"

"न ऐकताच. मूर्खच तो!"

बुवांनी अंगणात पाहिलं. पाचसहा माणसं फोन कानाशी धरून रंगून बसली होती.

"मग आज कसे टिकले?"

सुश्रुतने आवाज खाली आणला, पण चेहऱ्यावरचा तोरा काही त्याला लपवता येईना. "चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फोनने विचारलं, की लॅपटॉप बेधडक सांगतो, 'हो, आहे!'"

"आणि आहे?"

"छे! कुठला असायला?"

"फोन खरंखोटं बघत नाही?"

"नाही. 'हो' ऐकलं की त्याचं समाधान होतं."

"अस्सं…"

बुवांना मनापासून गंमत वाटलेली दिसत होती. त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या.

तेवढ्यात खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. सुश्रुतने पिशवी खांद्याला लावली. पाय निघत नव्हता. आपल्याला जायचं नाही, हे त्याला आत्ता कुठे कळत होतं, आणि त्याचा त्याला रागही येत होता.

"बुवा, शेवटचं विचारतो. तुमचा संबंध आहे की नाही?"

बुवा थोडे बाजूला सरकले. घोंगडीवर एका माणसापुरती जागा झाली.

"तू थांबावंस म्हणून… 'हो' म्हणू?"